वीस तासांनंतर

सेवा केंद्र चालवणाऱ्याचं पोट एका गोष्टीवर भरतं: समोरच्याला ते काम स्वतः करता येत नाही. उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, पेन्शनीसाठी हयातीचा दाखला, पोरीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म. माणूस कागदांची पिशवी आणि मोबाईल टेबलावर ठेवतो, 'ताई, तेवढं करून द्या' म्हणतो आणि बाकावर जाऊन बसतो. मी करून देते, ठरलेले पैसे घेते. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात मी बरीच वर्षं हेच काम करते आहे. आणि याच टेबलावर, याच माणसांना 'हे तुमचं तुम्ही करायचं' असं शिकवण्याचं कामही मी केलं. एका हातानं गिऱ्हाईक सांभाळायचं आणि दुसऱ्या हातानं ते कमी करायचं, अशी ही नोकरी होती.

शिकवण्याचं काम आलं २०१७ साली. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाला मंजुरी दिली. सहा कोटी ग्रामीण कुटुंबं, घरटी एक माणूस, वय १४ ते ६०, खर्च सुमारे २,३५१ कोटी रुपये. अभ्यासक्रम २० तासांचा. तो कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त तीस दिवसांत संपवायचा. शेवटी कॅमेऱ्यासमोर बसून ऑनलाइन परीक्षा. माणूस पास झाला की शिकवणाऱ्या केंद्राला त्याच्यामागे ३०० रुपये. गावोगावी सेवा केंद्रं आधीच होती, म्हणून वर्गही तिथंच भरले.

मी स्वतः कॉम्प्युटर पहिल्यांदा हाताळला तो तालुक्याच्या एमएस-सीआयटीच्या वर्गात. महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं २००१ नंतर हा कोर्स राज्यभर नेला. सरकारी नोकरीसाठी तो लागायचा, म्हणून घरचे फी भरायचे. माउस धरायला शिकणं, फाइल सेव्ह करणं, मराठी टायपिंग या पायऱ्यांनी मी वर आले होते, त्यामुळे शिकवायलाही त्याच पायऱ्यांनी सुरुवात केली. पण समोर बसलेल्या लोकांचा रस्ता वेगळा होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं. ज्यांनी आयुष्यात कीबोर्डला हात लावला नव्हता त्यांच्या हातात फोन होता, आणि त्यावर माइकचं चिन्ह दाबून 'भारुड लावा' म्हणता येतं हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. त्यांच्या लेखी कॉम्प्युटर ही सरकारी कचेरीतली वस्तू होती आणि फोन घरातली. मी वर्गात सीपीयू म्हणजे काय ते सांगत असताना मागच्या रांगेतली बाई विचारायची, 'ताई, हा मेसेज खरा का खोटा, ते आधी बघा.'

घरटी एक, या नियमानं पहिली चाळण लागली ती घरातच. कुटुंबानं कोणाला पाठवायचं? बहुतेकांनी बारावीच्या, कॉलेजच्या पोराला पाठवलं. त्यात वावगं काय, असंच सगळ्यांना वाटे. सर्टिफिकेट त्याच्या कामी येणार, आईला सर्टिफिकेट घेऊन काय करायचंय? घरात सगळ्यात कमी येणाऱ्याला पाठवा, असं मी म्हणायची. पण घराचा निर्णय गावच्या सेवा केंद्रातली पोरगी ठरवत नाही. साठीच्या पुढच्यांना तर दारच बंद होतं. महिन्याला पेन्शनीसाठी बँकेत चकरा मारणारे, मशीनवर अंगठा न उमटल्यामुळे परत फिरणारे, ते हेच लोक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचं देशातलं प्रमाण ३३ टक्के निघालं, पुरुषांचं ५७. ते वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. माझ्या हजेरीपटावर त्या आकड्याची छोटी प्रत होतीच.

दुसरी चाळण दसऱ्याची. आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. निम्म्या गावाला परीक्षेची तारीख गाठता येत नाही, कारण मुकादमाचा ट्रक कोणाच्या परीक्षेसाठी थांबत नसतो.

त्या निम्म्या गावातल्या एका बाईचं सांगायला हवं. गावात तिला सगळे अक्का म्हणतात. नवऱ्याबरोबर टायरगाडीवर जाते. जोडप्याला आमच्याकडे एक कोयता धरतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. हंगाम संपवून माणसं परतली की घराघरात एकच विचारणा असते, उचल फिटली का? हिशेब असतो मुकादमाच्या वहीत. खरं तर प्रत्येक खेपेला कारखान्याच्या काट्यावर वजनाची पावती मिळते. पण खोपीत ती पावती टिकत नाही. चुलीचा धूर, दव, लेकरांचे हात. पंधरवड्याचं बिल निघेपर्यंत निम्म्या पावत्यांचा पत्ता नसतो.

अक्का वर्गाला आली होती, परीक्षेला बसली नाही. टोळी निघाली होती. उन्हाळ्यात केंद्रात आली ती फोन पुढं करतच. 'ताई, ह्या फोटुवर तारीख कुठं दिसती?' फोटो उघडले. नातवाच्या बाळसेदार गालांच्या मधेमधे पावत्या होत्या. काट्यावरच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात काढलेल्या, काही हललेल्या, एका पावतीवर बैलाच्या शिंगाची सावली. तिनं जमेल तेवढ्या खेपांचे फोटो काढले होते. कोणी सांगितलं म्हणून नाही. वर्गात कॅमेरा शिकवला तेव्हा मी झाडांचे फोटो काढायला लावले होते. पावतीचा विचार तिचा.

आम्ही बसलो. फोटो वर सरकवला की खाली तारीख-वेळ दिसते, एवढं मी दाखवलं. पुढं तिनं स्वतः केलं. कोयता आणि पाचट यांनी तिचं पहिलं बोट इतकं राठ झालेलं, की स्क्रीन त्याला दादच देत नव्हती. म्हणून ती करंगळीनं कॅल्क्युलेटरवर वजनं मांडत होती, प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत. चुकला की 'हाण तिच्या' म्हणून पुसायची आणि पुन्हा. मग पावत्या वेगळ्या ठेवायला अल्बम केला. नाव काय द्यायचं? लिहायला तिला वेळ लागतो. माइकचं बटण दाबलं आणि ती म्हणाली, 'पावत्या.' अक्षरं उमटली तशी ती फोनकडं न बघता माझ्याकडं बघून हसली. ती बेरीज घेऊन ती आणि तिचा पोरगा मुकादमाकडे गेले. वहीत न चढलेल्या काही खेपा होत्या, त्या चढल्या. उचल सगळी फिटली नाही. एका अल्बमनं ती फिटत नसते. पण पुढच्या हंगामात त्यांच्या टोळीतल्या बाकीच्या बायाही काट्यावर फोन काढू लागल्या. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तेव्हा नव्या दरानं आपल्या वजनाचे किती होतात हे विचारायला त्यांना माझ्याकडे यावं लागलं नाही.

३१ मार्च २०२४ ला ते डिजिटल साक्षरता अभियान संपलं. सरकारी आकडे असे: नोंदणी सुमारे ७.३५ कोटी लोकांची, प्रशिक्षण ६.३९ कोटींना, प्रमाणपत्र ४.७८ कोटींना. सहा कोटींचं लक्ष्य पार झालं, हे खरंच मोठं काम आहे. जगात इतक्या माणसांना इतक्या थोड्या वर्षांत बसवून शिकवण्याची उदाहरणं फार नाहीत. त्या आकड्यांत प्रशिक्षित आणि प्रमाणित यांच्यामध्ये दीड कोटीहून जास्त माणसांची फट आहे. अक्का त्या फटीत आहे. उलट, ज्यांचं प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन भिंतीवर आहे अशी कितीतरी घरं साध्या नोंदणीसाठी फोन माझ्या टेबलावर ठेवतात आणि बाकावर बसतात. पास कोण आणि नापास कोण, हे परीक्षेनं एक सांगितलं आणि माझ्या टेबलानं दुसरं.

हे पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर राज्यभर गेली. प्रौढ माणसं रात्री कंदिलाखाली बाराखडी शिकली, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. माझी आजी त्याच लाटेत सही शिकलेली. पण पुढं घरात वाचायला कागद नव्हता, लिहायला कारण नव्हतं. तिच्या उतारवयात पोस्टातला माणूस शाईचं पॅडच पुढं करायचा. शिकलेलं वापरात राहिलं नाही की ते विरून जातं, आणि फोनचं तर अक्षरांहून लवकर विरतं. अक्षर निदान बदलत नाही. ॲप दर वर्षी बदलतं. हिरवं बटण डावीकडून उजवीकडं गेलं, की मागच्या वर्षी शिकलेली बाई यंदा पुन्हा कोरी. २० तास एकदाच देणं म्हणजे कापसाला लागवडीच्या दिवशीच हंगामाचं सगळं पाणी देऊन मोकळं होणं.

मग लोक शिकतात कशानं? माझ्या पाहण्यात आमच्या गावाला सगळ्यात जास्त शिकवलं ते ई-पीक पाहणीनं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर पेरा नोंदवायचा असं ठरलं. हे काम माझ्या टेबलावर होऊच शकत नव्हतं. ॲप जागा ओळखतं. रानात गेलंच पाहिजे. ज्यांनी कधी फोनचं लोकेशन चालू केलं नव्हतं ते बांधावर, रेंज सापडेल त्या टेकाडावर चढून ते करू लागले. पीकविमा आणि अतिवृष्टीची भरपाई या नोंदीशी जोडलेली, त्यामुळे कंटाळा करून चालणार नव्हतं. गरज खरी, काम स्वतःचं आणि दर हंगामाला तेच पुन्हा: शिकायला याहून चांगली शाळा नाही. अर्थात एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून एखाद-दुसरं पोरगं पैसे घेऊन सगळ्यांचं करून द्यायलाही लागलं. आणि जिच्या नावावर सातबाराच नाही त्या बाईला या शाळेत जागा नव्हती, राबती ती असली तरी.

बायांची पाळी आली ती २०२४ मध्ये. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली, महिना १,५०० रुपये, आणि केंद्रासमोर पहाटेपासून रांग. तेव्हा पहिल्यांदा मी एकेकीला विचारलं, ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो? उत्तरं ऐकण्यासारखी होती. चाकणला कंपनीत असलेल्या पोराच्या. दिराच्या. मेलेल्या नवऱ्याच्या नंबरावर, जो आता दुसऱ्याच कोणाला गेलाय. आधारला 'कुणाचा तरी एक लावला व्हता' त्या नंबरावर. चाकणच्या पोराला फोन लावायचा, तो शिफ्टमध्ये. त्यानं उचलून आकडे सांगेपर्यंत मुदत संपायची. बाईचं खातं, बाईचं आधार, बाईचे पैसे, आणि त्यांची किल्ली शेकडो किलोमीटरवर. पुढं २०२५ च्या सप्टेंबरात याच योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी मागत होते. आमच्याकडं विधवा आणि टाकून दिलेल्या बाया काही थोड्या नाहीत. दोघंही नसलेल्यांनी काय करायचं? नंतर त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणतं घर होतं, हे फॉर्मच्या रकान्यांतून कळतं. डिजिटल कौशल्य फक्त वापरणाऱ्यानं शिकायचं असतं असं आपण धरून चालतो. बनवणाऱ्यालाही शिकण्यासारखं बरंच आहे.

त्या रांगेनं मला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिची मला अजून भीती वाटते. बाया फोन काढून द्यायच्या, लॉक उघडून. 'काय आलंय बघा तुम्हीच.' आकडे मी वाचायचे, मीच टाकायचे. बँकेचा मेसेज, पासबुकाचा फोटो, सगळं माझ्यासमोर उघडं. माझ्यावर विश्वास आहे, हे बरंच आहे. पण ही सवय माणूस बघून लागत नाही. उद्या फोनवरून कोणी गोड आवाजात 'मॅडम, योजनेतून बोलतोय, आकडा सांगा' म्हणालं, तर तो हात त्याच सवयीनं पुढं होतो. आमच्या गावात असं घडलं आहे, एकीच्या खात्यातून बियाण्यासाठी ठेवलेले पैसे गेले. तक्रारीचा १९३० हा नंबर तिला नंतर कळला. तेव्हापासून माझ्या टेबलाचा एक नियम आहे: फोन तुमच्या हातातून सुटणार नाही. मी शेजारी बसेन, बोटानं दाखवेन, आकडे तुम्हीच वाचायचे आणि तुम्हीच टाकायचे. वेळ तिप्पट लागतो. रांगेतले पुरुष कुरकुरतात, 'ताई, तुमी टाका ना पटकन.' कुरकुरू देत.

धंद्याचं काय, असं सोबतचे केंद्रचालक विचारतात. लोक शिकले तर आपण खायचं काय? हिशेब सांगते. डिजिटल सहीचा सातबारा कोणालाही घरबसल्या १५ रुपयांत निघतो. पूर्वी त्यासाठी माझ्याकडे गर्दी असायची. आता तरुण शेतकरी स्वतः काढतात आणि ते उत्पन्न गेलं. पण तेच शेतकरी आता सातबाऱ्यातलं नाव चुकलंय हे स्वतः वाचून येतात, फेरफार कुठं अडकलाय ते विचारतात, बचत गटाचा मसाला विकायला क्यूआर कोड मागतात. जो काही शिकत नाही तो वर्षाकाठी दोन दाखल्यांपुरता येतो. शिकलेल्याचं काम वाढतं आणि अवघड होतं, आणि अवघड कामाचे पैसे प्रिंटाच्या पैशांपेक्षा बरे असतात. माझं केंद्र बंद पडलं नाही.

केरळनं २१ ऑगस्ट २०२५ ला स्वतःला देशातलं पहिलं पूर्ण डिजिटल साक्षर राज्य जाहीर केलं. त्यांची सुरुवात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लमपारा या एका ग्रामपंचायतीतून झाली होती. त्यांनी आधी घरोघर जाऊन कोणाला येत नाही ते शोधलं, २१ लाखांवर माणसं निघाली, मग स्वयंसेवक त्यांच्यापर्यंत गेले. रोजगार हमीच्या कामावर, अंगणात, जमेल तिथं. साठीची मर्यादा ठेवली नाही. त्यांच्यामागं १९९० च्या सुमाराची साक्षरता चळवळ आहे, २००२ मध्ये मलप्पुरमला सुरू झालेली अक्षय केंद्रं आहेत; ती परंपरा आपल्याला उसनी आणता येणार नाही. कामाचा क्रम मात्र आणता येईल: ज्याला सगळ्यात कमी येतं त्याच्यापासून सुरुवात, आणि वर्ग माणसाकडे न्यायचा. गुगल आणि टाटा ट्रस्टच्या 'इंटरनेट साथी'नं २०१५ पासून तेच वेगळ्या तऱ्हेनं केलं होतं. गावातलीच बाई, सायकलवर टॅब घेऊन, दुसऱ्या बाईच्या ओट्यावर. अशा ८० हजार साथी तयार झाल्या. बाईला बाईनं शिकवलं की 'मला नाय जमायचं' हे वाक्य लवकर मावळतं, कारण शिकवणारीलाही कालपर्यंत जमत नव्हतं हे सगळ्यांना माहीत असतं.

आता माझा वर्ग टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या अलीकडच्या संध्याकाळी भरतो. त्याला कोणत्या योजनेचं नाव नाही आणि प्रमाणपत्रही नाही. शिकवायच्या चारच गोष्टी: आपल्या आधारला आपलाच नंबर आहे का ते बघणं, आलेला मेसेज मराठीत वाचून घेणं किंवा फोनकडून वाचवून घेणं, पावतीचा फोटो काढून ठेवणं, आणि ओटीपीचा आकडा कोणालाही, मलासुद्धा, न सांगणं. अक्का त्यातला पावत्यांचा भाग शिकवते. उन्हाळ्यात लोक परतले की तेच पुन्हा, बदललेल्या बटणांसकट.

पुढच्या योजनेच्या आखणीत माझ्यासारखीला कोणी विचारलं, तर मागणं मोठं नाही. माणूस पास झाल्यावर मिळत होते त्या ३०० रुपयांतले शंभर हातात द्या. उरलेले दोनशे वर्षानं द्या, त्यानं तेच काम दुसऱ्यांदा स्वतःच्या हातानं केलं हे दिसल्यावर. मग बघा, आम्ही केंद्रचालक माणसांना बाकावर बसू देतो का.